काटा अर्ध्यावर, इंजिन बंद

भंडारा जिल्ह्यातून आम्ही निघालो तेव्हा तिथल्या मोहरीची फुलं गळून शेंगा धरल्या होत्या. माझ्या मधमाश्यांना तिथं आता काही मिळण्यासारखं उरलं नव्हतं. नागपूरच्या पलीकडे, नरखेड तालुक्यात, संत्र्याला आंबिया बहार (थंडी सरताना येणारा फुलोरा) फुटला होता आणि तिथले बागायतदार रमेशराव सारखे फोन करत होते, "ताई, फुलं उघडून राहिली. लवकर या." दिवाळीनंतर फलटण सोडल्यापासून मी पेट्यांमागे फिरत होते. आता शेवटचा मुक्काम संत्र्याच्या बागेत करायचा आणि मध काढून घरी परतायचं, असा बेत होता.

आपल्याकडे ज्यांनी हा धंदा पाहिला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगते. पेट्या हलवायच्या त्या दिवस मावळल्यावर. माश्या घरी परतल्या की दारं जाळीनं बंद करायची, पेट्या ट्रकवर चढवायच्या आणि ऊन तापायच्या आत नव्या जागी उतरवून दारं उघडायची. बंद पेटी तापली की माश्या घाबरतात. सगळ्या मिळून पंख मारायला लागतात, त्यानं आतली उष्णता आणखी वाढते, मेण मऊ होतं आणि त्या गुदमरून मरतात. पुढे मला जो राग आला त्याचं मूळ इथं आहे.

ट्रक सदाभाऊंचा. ते माझ्या नवऱ्याचे शाळासोबती, मला वहिनी म्हणतात. गाडी जुनी आहे, पण तिच्यावर त्यांचा जीव आहे. डॅशबोर्डवर मोजके काटे, त्यातला एक इंजिनातल्या तेलाच्या दाबाचा. इंजिनाला बाजूनं एक अंगठ्याएवढा सेन्सर बसवलेला असतो. आत तेल किती दाबानं फिरतंय ते तो तारेवाटे काट्याला कळवतो. दाब गेला की इंजिनातलं लोखंड लोखंडावर घासतं आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होतं. म्हणून सदाभाऊ जितकं रस्त्याकडे बघतात तितकंच त्या काट्याकडे.

नागपूर शहरात शिरायचं नव्हतं. बाहेरून वळसा घालून अमरावती रस्त्याला लागायचं, कोंढाळीला उजवीकडे वळून काटोलवरून नरखेड. उजाडायच्या बेताला आम्ही नागपूरला लागूनच्या वाडी नावाच्या उपनगरात पोचलो. दोन्ही बाजूंना गोदामांची लांबच लांब पत्र्याची छपरं, त्यांच्यासमोर ट्रकच्या रांगा, टायरला टेकून दात घासणारे ड्रायव्हर, भाड्याच्या खोल्यांच्या गॅलरीत वाळणारे कपडे. मी खिडकीतून हे पाहत होते, तेवढ्यात सदाभाऊ म्हणाले, "वैनी, काटा पडला."

काटा शून्यावर होता. त्यांनी गाडी बाजूला घेऊन तत्काळ इंजिन बंद केलं. खाली उतरून तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. तेल भरलेलं होतं, इंजिनाचा आवाजही नेहमीसारखाच होता.

"सेन्सर गेला असंल," ते म्हणाले. "पण असंल म्हणून चालवायची न्हाय. गॅरेज उघडू दे."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही एका टपरीवर तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतून देतात, डोळ्यांतून पाणी आणणारा. एरवी मी आणखी एक बशी मागितली असती. पण माझे कान ट्रककडे होते. ताडपत्रीखालून येणारी गुणगुण अजून शांत होती. सूर्य गोदामांच्या वर आला तशी ती हळूहळू चढायला लागली. भर वस्तीत ट्रकवरच दारं उघडणं धोक्याचं होतं.

आम्ही थांबलो होतो तिथून चार पावलांवरचं गॅरेज पहिलं उघडलं. मालक चाळिशीचा, कानाला फोन लावलेला, बोलता बोलता हातानं इशारे करून कामगारांना पळवणारा. त्यानं आमचं म्हणणं अर्धंच ऐकलं, जुना सेन्सर काढायला लावला, न बघताच भंगाराच्या बादलीत टाकला आणि आतून एक नवा घेऊन आला.

सदाभाऊंनी तो हातात घेऊन पाहिला. "ह्याचं आटं बारीक दिसत्यात."

"चुडी (आपण ज्याला आटे म्हणतो) सगळ्याईची सारखीच राहते काका. सगळे एकच येतात. काही होत नाही."

हाताच्या जोरानं सेन्सर एक फेराही आत जाईना. मग त्यानं त्यावर पांढरी टेप गुंडाळली आणि पाना लावून दाबला. लोखंडातून कच्च असा आवाज आला. सदाभाऊंचा चेहरा आक्रसला, जणू त्यांचाच दात कुणी पिळत होतं. तार जोडून झाल्यावर मालकानं चावी अर्धी फिरवली. काटा उठून निम्म्यावर जाऊन उभा राहिला.

"पाहा, आला प्रेशर."

"इंजिन तर बंद आहे," मी म्हणाले. "बंद इंजिनात दाब कुठून आला?"

त्यानं माझ्याकडे न बघता सदाभाऊंना सांगितलं, "मॅडमले समजावा काका. करंट आला की काटा उठतेच." मग माझ्याकडे वळून हसला. "तुमी मध पाहा मॅडम, आमाले गाडी पाहू द्या."

आजूबाजूचे दोघं-तिघंही हसले. मी सदाभाऊंना बाजूला घेऊन म्हटलं, हे बरोबर दिसत नाही, दुसरीकडे दाखवू. ते ट्रकच्या ताडपत्रीकडे बघत होते. गुणगुणीचा आता घोंघाट झाला होता. "दुसरं गॅरेज हुडकायचं, पुन्हा सगळं खोलायचं, तवर ह्या मरत्याल," ते म्हणाले. "तेल भरल्यालं हाय. दोन तासांत पोचतो, मग निवांत बघू." मला पटलं नव्हतं, पण गाडी त्यांची होती आणि माश्या माझ्या. निघालो.

वाडी मागे पडली. रस्त्याकडेला कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, मध्येच गव्हाचा हिरवा तुकडा. माझं लक्ष काट्यावर होतं. गाडी चढावर दमली तरी काटा निम्म्यावर. उतारावर सैल सुटली तरी निम्म्यावर. सदाभाऊंनी मुद्दाम वेग वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. काटा भिंतीवरच्या चित्रासारखा जागच्या जागी. मागचा घोंघाट ऐकत आम्ही तसेच पुढे निघालो.

बाजारगाव ओलांडल्यावर एक मोटरसायकलवाला आमच्या बरोबरीनं आला आणि हात खाली-वर करून ओरडायला लागला. सदाभाऊंनी गाडी थांबवली. तो माणूस पुढे येऊन म्हणाला, "काहून चालवून राहिले गा? तेलाची धार लागली तुमच्या गाडीले. मी तिकडून पाहत येऊन राहिलो."

मागच्या रस्त्यावर काळी ओली रेघ दिसत होती, दूरच्या वळणापर्यंत. सेन्सरच्या बुडातून तेल गळून इंजिनाच्या कडेनं वाहिलं होतं आणि तापलेल्या लोखंडावर जळत होतं. सदाभाऊंनी पट्टी काढली. टोकाला नुसता ओलावा. आणखी थोडं गेलो असतो तर इंजिन संपलं असतं.

मी केबिनमध्ये चढून चावी अर्धी फिरवली. जवळपास सगळं तेल रस्त्यावर सांडलेलं, इंजिन बंद, आणि काटा निम्म्यावर ऐटीत उभा. बिघाड मला नवा नाही. जुन्या गाडीत बसलं की बिघडणं ठरलेलंच. पण ज्या माणसानं आमच्या समोर खोटा काटा उभा केला आणि वर हसला, तो तिकडे दुसऱ्या कुणाच्या गाडीला पाना लावत असेल, हे मला सहन होईना.

तो राग पहिल्यांदा निघाला सदाभाऊंवर. "तुम्हाला आटे बारीक दिसले होते. तुम्ही म्हणालाही होतात. मग लावू का दिलात?"

"वैनी, इंजिन बसलं असतं तर माझं घर बसलं असतं," ते तितक्याच जोरात म्हणाले. "मी काय मुद्दाम केलं? तो इतक्या ठामपणानं बोलला की मलाच वाटलं, आपलंच चुकत असंल."

भांडायला वेळ नव्हता. ताडपत्रीखालचा आवाज मोठा होता, पण काही कोपऱ्यांतून तो येतच नव्हता. ती शांतता काय असते ते मला माहीत आहे.

मोटरसायकलवाल्याचं नाव मारोतराव. रस्त्याला लागूनच त्यांचं वावर (शेत) होतं. मी त्यांना थोडक्यात सांगितलं की या पेट्या आत्ता सावलीत उतरवून दारं उघडली नाहीत तर सगळ्या मरतील.

"मंग माह्या वावरात उतरवा न. आंब्याखाली जागा हाये," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "चावतीन का पण?"

"चिडल्या तर चावतील."

"मंग चिडू नका देऊ."

त्यांनी शेजारच्या वावरातल्या दोन गड्यांना हाक मारली. मी सगळ्यांची तोंडं उपरण्यांनी बांधली आणि आम्ही पेट्या उतरवल्या. विहिरीवरची मोटर सुरू करून मारोतरावांनी पाणी दिलं, मी पेट्यांवर आणि दारांवर शिंपडत गेले. एकेक दार उघडलं की माश्या धुरासारख्या बाहेर लोटायच्या. एक गडी पळाला, लांबून बघत उभा राहिला आणि पुन्हा परत आला. त्याच्या कानाची पाळी सुजली होती. त्यानं पुढच्या पेटीला हात घातला.

काही पेट्यांमधून कुणीच बाहेर आलं नाही. झाकण उघडलं तर तळाशी माश्यांचा काळा ओला थर, मेणाची पोळी वाकून एकमेकांवर पडलेली, मध माश्यांच्या अंगावर सांडलेला. आणि या माझ्या सगळ्यांत चांगल्या पेट्या होत्या. जिथं माश्या जास्त तिथं उष्णता जास्त. मोहरीवर ज्यांनी सगळ्यांहून अधिक मध आणला होता त्याच आधी मेल्या. मी झाकणं परत ठेवली. रडू आलं नाही.

सदाभाऊंनी तोवर सेन्सर काढला होता. भोकाच्या तोंडाजवळचे आटे चेचले होते, पण आतले शाबूत होते. "बरोबरचा मिळाला तर धरंल," ते म्हणाले. "पण जुना नमुना पायजे. त्याच्याबिगर पुन्हा अंदाजच होणार." जुना नमुना वाडीत त्या माणसाच्या बादलीत होता. सदाभाऊ जायला उठले. मी म्हटलं, "तुम्ही माश्यांवर पाणी मारत राहा. तिथं मी जाते." मारोतरावांनी मोटरसायकल सुरू केली.

गॅरेजसमोर आता ट्रकची रांग लागली होती. मालक एका खुर्चीत बसून चहा पीत होता. मला ओळखायला त्याला क्षणभर वेळ लागला.

"जुना सेन्सर द्या," मी म्हणाले.

"कोणता जुना?"

"सकाळी आमच्या गाडीतून काढलात तो."

"तो भंगारात गेला. काहून, काय झालं? दुसरा लावून देतो न."

"तुम्ही लावलेल्यातून सगळं तेल रस्त्यावर सांडलं. काटा तेव्हाही निम्म्यावरच होता. माझ्या माश्या मेल्या."

"माश्या?" तो म्हणाला. "माश्याईचं मी काय करू मॅडम? आन आवाज कमी ठेवा. इथं कस्टमर हायेत."

ते शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. मी त्याच्याकडे पाठ केली आणि रांगेतल्या ड्रायव्हरांकडे गेले. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी बोलले नसेन. म्हटलं, "यांनी ज्यांच्या गाडीत तेलाचा सेन्सर बसवलाय त्यांनी चावी अर्धी फिरवा आणि इंजिन सुरू करू नका. काटा शून्यावर असायला हवा. वर असेल तर तो खोटा आहे." काही जण नुसते बघत राहिले. एक वयस्कर ड्रायव्हर मात्र आपल्या केबिनमध्ये चढला. जरा वेळानं तिथूनच त्यानं मालकाला हाक मारली, "इधर आओ जरा." त्याच्या आवाजात गोडवा नव्हता.

मालकानं उठून बादली पायानं माझ्याकडे ढकलली. "घ्या. शोधा."

मी ती फरशीवर उपडी केली आणि खाली बसले. गंजके बोल्ट, फाटके रबर, तुटक्या पट्ट्या. ग्रीसनं हात कोपरापर्यंत काळे झाले. मारोतरावही माझ्या शेजारी उकिडवे बसले. शेवटी पितळी बुडाचा, जाड आट्यांचा तो सेन्सर त्यांच्याच हाताला लागला. टोकाला सदाभाऊंनी बांधलेला लाल दोरा होता, त्यावरून मी ओळखला. मालक त्या वयस्कर ड्रायव्हरच्या केबिनशी उभा राहून त्याला काहीतरी समजावत होता. मला तो एक शब्दही बोलला नाही. चूक झाली, एवढंसुद्धा नाही.

त्याच रस्त्यावर थोडं पुढे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. गल्ल्यावर एक चष्मेवाल्या बाई होत्या. मी जुना सेन्सर पुढे ठेवला तशा म्हणाल्या, "नमुना आणला न? मंग सोपं हाये." त्यांनी त्याच्यावर कोरलेला आकडा वाचला, गाडीतला काटा कोणत्या कंपनीचा आहे ते मला सदाभाऊंना फोन करून विचारायला लावलं, आणि फळीवरच्या डब्यातून एक काढला. जुना आणि नवा असे आट्यांना आटे टेकवून उजेडात धरले. मधून उजेड दिसला नाही.

"सेन्सरची न काट्याची जोडी राहते ताई," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या जोडीतला लावला तर काटा उठते, पण सांगते भलतंच." मग मी कुठून आले ते कळल्यावर त्यांनी त्या गॅरेजच्या दिशेनं मान हलवली. "तो असंच करते. आमच्याकडे किती जण मंग शोधत येतात."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"सगळ्याईले माहीत हाये."

"मग कुणी बोलत का नाही?"

त्यांनी तांब्याचा वायसर (तेल गळू न देणारी चकती) सेन्सरबरोबर पुडीत बांधला. "मले रोज याच रस्त्यावर दुकान उघडा लागते," त्या म्हणाल्या. त्या काही वाईट बाई नव्हत्या. मी सेन्सरचे आणि इंजिन तेलाच्या डब्याचे पैसे दिले, डबा उचलला आणि आभार न मानता निघाले. ते मला अजूनही बरोबर वाटतं.

वावरात परतले तर मारोतरावांच्या घरून जेवण आलं होतं, ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी, वर मूठभर सांबार (तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात). हात धुतले तरी ग्रीसचा वास भाकरीला लागत होता. सदाभाऊ जेवायला थांबले नाहीत. त्यांनी भोक चिंधीनं पुसलं, वायसर घालून सेन्सर नुसत्या बोटांनी फिरवत आत नेला. तो सरळ, न अडखळता गेला. शेवटचा पाव फेरा तेवढा पान्यानं. तेल भरलं, तार जोडली.

"वैनी, चावी तुम्ही फिरवा."

मी अर्धी फिरवली. काटा शून्यावर पडून राहिला. मग पूर्ण फिरवली. इंजिन धडधडलं, आणि काटा सावकाश वर आला. सदाभाऊंनी खालून हातानं इंजिनाचा वेग वाढवला तसा तो आणखी चढला, सोडल्यावर उतरला. बुडाशी तेलाचा थेंब नव्हता. सदाभाऊ मडगार्डला टेकून खाली बसले आणि पहिल्यांदा पाणी प्यायले.

दिवस मावळताना माश्या परतल्या. आम्ही दारं बंद करून पेट्या चढवल्या. मारोतरावांचे आभार मानले तर ते म्हणाले, "त्याचं काय. फक्त आंब्याले चार दिवस कोणी जवळ जाईन नाही आता." काही माश्या वाट चुकून फांद्यांवर राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरखेडच्या बागेत मी जागी झाले ती वासानं. संत्र्याच्या गर्द पानांत पांढरी, मेणचट फुलं खच्चून भरली होती आणि माझ्या उरलेल्या माश्या त्यांच्यात शिरत होत्या. रमेशराव चहा घेऊन आले, तेव्हा मी मेलेल्या पेट्या खरवडत होते. ते कप खाली ठेवून माझ्याबरोबर बसले. बागेच्या कडेला खड्डा खणून आम्ही त्या माश्या पुरल्या. इतक्या सुंदर जागी मी इतकी संतापलेली कधी नव्हते.

बहार संपेपर्यंत तिथं राहिलो. मध फिका आणि सुवासिक निघाला, ठरवला होता त्याहून कमी. मग पेट्या घेऊन फलटणला परतलो. घरी सगळ्यांनी विचारलं, नागपूर कसं आहे. मी तर्री पोह्यांचं सांगितलं, संत्र्याच्या फुलांचं सांगितलं, मारोतरावांचं सांगितलं. आणि गॅरेजचं सांगायला लागले की माझा आवाज चढायचा. जाऊबाई म्हणाल्या, झालं ते झालं, आता सोडून द्या.

मी प्रयत्न केला. हे सगळं लिहून काढलं तर राग उतरेल असंही वाटलं होतं. पण माणूस चुकला याचा राग नव्हे हा. त्याला बघायचंच नव्हतं, आणि बघणाऱ्याला तो हसला, आणि सगळा रस्ता हे जाणून गप्प राहिला, याचा आहे. तो उतरावा असं मला आता वाटत नाही.

परवा मी त्या गॅरेजला फोन लावला. त्यानंच उचलला. मी कोण, कुठली, कोणता ट्रक, सगळं सांगितलं.

"इथं रोज कोणी ना कोणी भांडून जाते मॅडम," तो म्हणाला. "तुमी कोणत्या?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. त्यानं मध्येच फोन ठेवला. मी पुन्हा लावला.